माल पाठवितांना आणि माल घेतांना

बदलीच्या गांवीं बिऱ्हाड हलविण्याचा, किंवा दूरच्या शहरांतून एखादें किंमती यंत्र मागविण्याचा प्रसंग हल्लीं बहुतेक सुशिक्षित कुटुंबांवर केव्हांना केव्हां येतोच. वस्तूची निवड करतांना आपण चार दुकानें हिंडतों, किंमतीची घासाघीस करतों, माहितगारांचा सल्ला घेतों. परंतु ती वस्तु एकदां वाहतूकदाराच्या स्वाधीन केली, कीं आपलें लक्ष तिच्यावरून उडतें. मग कांहीं दिवसांनीं पेटी दारांत येते, घाईघाईनें कागदावर सही होते, आणि पेटी हलवितांच आंतून कांच खळखळल्याचा आवाज येतो. त्यानंतर जो पत्रव्यवहार सुरू होतो, त्याला मिळणारें उत्तर बहुधा ठरलेलें असतें. माल चांगल्या स्थितींत मिळाल्याबद्दलची आपली सही आमच्या दप्तरीं आहे. सबब आपला दावा मान्य करतां येत नाहीं.

तेव्हां श्रोतेहो, नाजूक अथवा जड वस्तु प्रवासांत सुखरूप राहते ती कशामुळें, आणि काळजी घेऊनहि तिचें नुकसान झालेंच, तर भरपाई मिळते ती कशाच्या बळावर, या दोन प्रश्नांचा आज विचार करूं. हे प्रश्न दिसावयास वेगळे असले, तरी त्यांचें मूळ एकच आहे. भरपाईचा निकाल पेटी फुटल्यानंतर लागत नाहीं. पेटी भरतांना, बिल्टी लिहितांना आणि माल ताब्यांत घेतांना तो पुष्कळ अंशीं आधींच लागून गेलेला असतो.

प्रथम वस्तु फुटते कां, तें पाहूं. वस्तु पडल्यामुळें फुटते, असें आपण म्हणतों. पण खरें म्हणजे ती एकाएकीं थांबल्यामुळें फुटते. समजा, टेबलाइतक्या, म्हणजे सुमारें ७५ सेंटिमीटर उंचीवरून एक पेटी फरशीवर पडली. फरशी कठीण, पेटीहि कठीण. त्यामुळें ती अवघ्या अडीच मिलिमीटर अंतरांत थांबली. अशा वेळीं आंतील वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारें ३०० पट जोर येतो. हा हिशेब सोपा आहे. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतरानें भागलें, कीं झालें. आतां त्याच वस्तूखालीं असें मऊ अस्तर घाला कीं, तें दबत दबत वस्तूला २५ मिलिमीटर अंतरांत थांबवील. जोर ३०० पटींवरून ३० पटींवर आला! पेटी तीच, उंची तीच, फरशीहि तीच. थांबावयास मिळालेलें अंतर मात्र दसपट झालें. वेष्टणाचें सारें शास्त्र या एका भागाकारांत आहे. देवगडचा किंवा रत्नागिरीचा हापूस भाताच्या पेंढ्यांत बसवून पाठविण्याची कोंकणांतील रीत याच तत्त्वावर उभी आहे.

परंतु अस्तर मऊ असलें म्हणजे काम भागलें, असें नव्हे. फार मऊ अस्तर जड वस्तूखालीं पूर्णपणें चेपून जातें, आणि मग वस्तु थेट तळावरच आपटते. फार कठीण अस्तर मुळीं दबतच नाहीं, म्हणून थांबण्याचें अंतर मिळत नाहीं. दोन किलोच्या कॅमेऱ्याला जो स्पंज उत्तम, तोच वीस किलोच्या यंत्राखालीं निरुपयोगी ठरतो. वस्तूचें वजन तळाच्या किती क्षेत्रावर पसरलें आहे, हें पाहून अस्तर निवडावें लागतें. शिवाय पेटी नेहमीं तळावरच पडेल, अशी हमी कोण देणार? म्हणून अस्तर सहाहि बाजूंनीं हवें. कोपरे व कडा यांवर जोर एकवटतो, म्हणून तेथें अधिक हवें. आंतली पेटी बाहेरच्या पेटींत, आणि दोहोंच्या मध्यें अस्तर, ही जुनी युक्ति अजूनहि सर्वांत भरंवशाची आहे. घरच्या घरीं करण्याजोगी एक परीक्षा सांगतों. पेटी बंद करून हलक्या हातानें हलवा; आंत कांहींहि सरकल्याचें जाणवलें, तर ती पेटी अजून भरून झालेली नाहीं.

धक्क्याखालोखालचा शत्रु म्हणजे कंप. मोटार-ट्रकच्या तासन्‌तास चालणाऱ्या थरथरीनें स्क्रू ढिले होतात, रंगाचे पृष्ठभाग घासले जातात, आणि यंत्रांतील जे भाग हलण्याकरितांच केलेले असतात, ते भलत्या वेळीं हलूं लागतात. लंबकाच्या घड्याळाचा लंबक काढून निराळा गुंडाळावा. प्रयोगशाळेंतील तराजूची दांडी अडकवून ठेवावी. ग्रामोफोनचा सुई धरणारा दांडा बांधून टाकावा. कपडे धुण्याच्या, समोरून दार असलेल्या यंत्राबरोबर मागील बाजूस लांब बोल्ट येतात. प्रवासांत आंतील पिंप हिसके खाऊं नये, एवढ्याचसाठीं ते असतात. यंत्र चालू करण्यापूर्वीं ते काढावे लागतात. पण काढल्यावर लोक ते फेंकून देतात, आणि पुढच्या बदलीच्या वेळीं पिंप मोकळेंच प्रवासाला निघतें. ते बोल्ट माहितीपुस्तिकेबरोबर एका पिशवींत जपून ठेवावे. शीतकपाट होतां होईल तों उभेंच न्यावें. आडवें न्यावें लागलेंच, तर पोंचल्यावर कांहीं तास उभें राहूं द्यावें आणि मगच वीज जोडावी. कारण त्याच्या दाबयंत्रांतील तेल जागा सोडून नळ्यांत गेलेलें असतें.

आपल्या प्रांतांतील एक नाजूक माल तर देशोदेशीं जातो. तो म्हणजे मिरजेचे तंबोरे आणि सतारी. तंबोऱ्याचा भोपळा दिसतो भक्कम, पण तो वाळलेल्या फळाचें पातळ कवच असतो. त्यावर वरून दाब आला, तर तो अंड्यासारखा तडकतो. म्हणून तारा थोड्या उतरवाव्या, घोडीखालीं मऊ कापड द्यावें, दांडी व भोपळा जेथें जोडलेले असतात त्या सांध्याला आधार द्यावा, आणि वाद्य कठीण पेटींत अशा बेतानें बसवावें कीं, पेटीवर कोणी दुसरें ओझें ठेवलें, तरी त्याचा भार पेटीच्या भिंतींवर पडेल, भोपळ्यावर पडणार नाहीं.

जड मालाचें गणित थोडें निराळें. पांच किलोची पेटी माणूस फेंकतो, पन्नास किलोची ओढतो, आणि पांचशें किलोची उचलावयास यंत्र लागतें. म्हणजे वजन वाढत गेलें, कीं पडण्याची उंची कमी होत जाते. पण कलंडण्याचें आणि घसरण्याचें भय वाढतें. जड यंत्र लांकडी चौकटीवर बोल्टांनीं घट्ट बसवावें, आणि त्याचा गुरुत्वमध्य कोणत्या बाजूस आहे, तें पेटीवर खूण करून दाखवावें. नाहींतर उचलणाऱ्यास पेटीचा मध्य हाच वजनाचा मध्य वाटतो, आणि यंत्र एका बाजूस झुकतें. जड वस्तु आपल्याच वजनानें जागच्या जागीं राहील, ही समजूत तर फारच घातक आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय मजूर संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपविषयक आर्थिक आयोग यांनीं २०१४ सालीं मालाच्या बांधणीची जी संयुक्त संहिता तयार केली, तींत रस्त्यावरील वाहनासाठीं पुढील दिशेस वजनाच्या आठ-दशांश, आणि मागें व दोन्ही बाजूंस पांच-दशांश एवढा जोर गृहीत धरला आहे. म्हणजे ५०० किलोचें यंत्र गच्च ब्रेक लागतांच सुमारें ४०० किलोच्या भाराइतक्या जोरानें चालकाच्या दिशेनें निघूं पाहतें. पट्टे, ठोकळे आणि अडसर यांची योजना हा आंकडा डोळ्यांपुढें ठेवून करावी. येथें यंत्राइतकाच माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

ओझें उचलणाऱ्या माणसाचाहि विचार हवाच. हमाल व माथाडी कामगारांच्या संरक्षणासाठीं महाराष्ट्रांत १९६९ सालीं स्वतंत्र कायदा झाला. पण जी पेटी दिसावयास लहान आणि उचलावयास शिशासारखी असते, तिच्यापुढें कायदा त्या क्षणीं काय करणार? पेटीवर वजन ठळक अंकांत लिहिणें, हा साधा शिष्टाचार आहे. ज्याला वजन आधीं कळतें, तो दुसऱ्या माणसाला हांक मारतो. ज्याला कळत नाहीं, त्याच्या हातून पेटी सुटते, किंवा त्याच्या पाठींत उसण भरते. पेल्याचें, छत्रीचें आणि वर रोखलेल्या बाणांचें चित्र जगभर एकाच अर्थानें ओळखलें जातें. तींहि चित्रें चारी बाजूंस लावावीं. मात्र चित्रानें पडणें मऊ होत नाहीं, हें विसरूं नये. धक्का बसतांच लाल होणारी चिठ्ठी हल्लीं मिळते, तीहि रक्षण करीत नाहीं. ती फक्त साक्ष देते. पण साक्षीचें मोल किती असतें, तें पुढें कळेल.

पावसाळ्यांत माल पाठवावयाचा असेल, तर यंत्र आधीं जाड प्लॅस्टिकच्या आवरणांत ओल शोषणाऱ्या पुड्यांसह बंद करावें, आणि मग पेटींत घालावें. परदेशीं पाठवावयाच्या मालाची लांकडी पेटी किडीपासून मुक्त केल्याची खूण असलेलीच हवी. लांकूड तापवून ही शुद्धि करावयाची झाल्यास, त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेंटिग्रेड उष्णता निदान ३० मिनिटें पोंचावी लागते. ती खूण नसली, तर माल बंदरांतच अडकून पडण्याचा संभव असतो.

हीं सर्व तत्त्वें एकत्र पाहावयाचीं असतील, तर अमेरिकेंतील पालोमारच्या दुर्बिणीच्या आरशाची हकीकत आठवावी. न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्निंग येथें ओतलेली ही कांचेची तबकडी २०० इंच व्यासाची आणि सुमारें २० टन वजनाची होती. १९३६ च्या मार्च महिन्यांत ती आगगाडीनें खंड ओलांडून कॅलिफोर्नियांतील पॅसाडिना येथें न्यावयाची होती. आडवी ठेवावी, तर ती रुळांच्या दोन्ही बाजूंस बाहेर येणार. उभी ठेवावी, तर पुलांना अडणार. म्हणून मध्यें खोलगट तळ असलेला खास डबा तयार केला, पोलादी आवरणांत बसविलेली तबकडी त्यांत उभी केली, आणि पूल व बोगदे यांच्या उंचीचा अंदाज घेऊन मार्ग ठरविला. गाडीचा वेग ताशीं २५ मैलांच्या वर जाऊं द्यावयाचा नाहीं आणि प्रवास दिवसाउजेडींच करावयाचा, असा दंडक घालून दिला होता. २६ मार्चला निघालेली ही गाडी १० एप्रिलला पोंचली, आणि आरसा अभंग उतरला. वेष्टण म्हणजे केवळ पेटी नव्हे. मार्ग आणि वेग हेहि वेष्टणाचेच भाग आहेत, हा धडा तेथें मिळतो. २०२१ सालीं जेम्स वेब ही अवकाश-दुर्बीण शुद्ध हवेच्या बंद पेटींतून, पनामाच्या कालव्यामार्गें, बोटीनें फ्रेंच गियानाला नेली, तेव्हांहि हीच दृष्टि होती. १६ दिवसांचा समुद्रप्रवास पत्करला, पण घाई केली नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. इतकें करूनहि वस्तु मोडली तर?

आपल्याकडे ही जोखीम नवी नाहीं. ठराविक रकमेंत माल पोंचता करण्याचा मक्ता घेणारा हुंडेकरी पूर्वीं बाजारपेठांतून असे, आणि माल सुखरूप पोंचला तरच जिचे पैसे द्यावयाचे, अशी जोखमी हुंडीहि पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारांत चालत असे. इंग्रजी अमदानींत १८६५ सालीं वाहतूकदारांचा कायदा झाला. आणि सार्वजनिक वाहतूकदार हा मालाचा जणूं विमेदारच होय, हें जुनें इंग्रजी तत्त्व येथेंहि लागू असल्याचें प्रिव्ही कौन्सिलनें १८९१ सालीं एका निकालांत ठरविलें. त्या जुन्या कायद्याच्या जागीं २००७ सालचा रस्ते-वाहतुकीचा कायदा आला. तो २०११ पासून अमलांत आहे. घरपोंच माल नेणाऱ्या कुरियर कंपन्याहि त्याच्या कक्षेंत येतात.

या कायद्याची एक बाजू मालधन्याला फार अनुकूल आहे. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचें ओझें दावा करणाऱ्यावर नाहीं. दैवी आपत्ति, युद्ध, दंगल, सरकारी जप्ति अथवा निर्बंध, असें एखादें कारण दाखविणें वाहतूकदाराकडे येतें. हेंच तत्त्व ग्राहक-न्यायाच्या संस्थांपुढेंहि लागू पडतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं जुन्या कायद्याखालच्या एका खटल्यांत स्पष्ट केलें.

दुसरी बाजू मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. वाहतूकदाराची जबाबदारी साधारणतः भाड्याच्या दहापटीपुरतीच मर्यादित असते. उदाहरण घ्या. एका डॉक्टरांनीं तीन लाख रुपयांचें तपासणीयंत्र सहा हजार रुपये भाड्यानें पाठविलें, आणि तें निकामी झालें. सहा हजारांची दहापट साठ हजार. उरलेले दोन लाख चाळीस हजार रुपये गेले कोठें? माल पाठविण्याच्या पत्रकांत खरी किंमत लिहून, जादा जोखमीचा दर भरण्याचें जें कलम त्यांनीं वाचलेंच नाहीं, त्यांत ते गेले. थोडें भाडें वांचविण्यासाठीं किंमत कमी लिहिण्याची चाल तर त्याहून वाईट. मर्यादा दहापटीची असली, तरी लिहिलेल्या किंमतीहून अधिक भरपाई मिळत नाहीं. आपल्याच हातानें एक लाख लिहिल्यावर तीन लाख कोणत्या तोंडानें मागावयाचे?

रेल्वेचीहि तऱ्हा अशीच आहे. १९८९ च्या कायद्याप्रमाणें किंमत जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर भरपाई वजनाच्या हिशेबानें ठरलेल्या मर्यादेंत मिळते. मालधन्याच्या जोखमीचा स्वस्त दर घेतला असेल, तर रेल्वेचा निष्काळजीपणा वगैरे आपल्यालाच सिद्ध करावा लागतो. वेष्टण सदोष असेल, तर तोहि मुद्दा आपल्याविरुद्ध जातो. मात्र त्याच कायद्यानें एक चांगला हक्कहि दिला आहे. पेटी मोडकी आली, किंवा तिच्याशीं कोणी छेडछाड केल्याचें दिसलें, तर ती अधिकाऱ्यासमोर उघडून तपासून देण्याची मागणी करतां येते, आणि ती मागणी रेल्वेला मान्य करावी लागते. हिला ओपन डिलिव्हरी म्हणतात. मागितल्याशिवाय ती कोणी देत नाहीं. म्हणून मागण्याचें धैर्य आपल्यापाशीं हवें.

मुदतींच्या बाबतींत तर विशेष सावध राहावें. रस्त्यानें गेलेल्या मालाबद्दल दावा लावण्यापूर्वीं लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल नोंदविल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आंत द्यावी लागते. रेल्वेला माल स्वाधीन केल्यापासून सहा महिन्यांच्या आंत लेखी मागणी करावी लागते. या दोन्ही मुदती माल मिळाल्यापासून मोजावयाच्या नसून पाठविल्यापासून मोजावयाच्या आहेत. माल वाटेंत दोन महिने रखडला, तर आपली मुदतहि तितकीच आटते. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकींत १९९९ च्या माँट्रियल करारान्वयें, मालाच्या नुकसानीची तक्रार तो मिळाल्यापासून १४ दिवसांत, आणि प्रवाशाच्या सामानाची ७ दिवसांत करावी लागते. बोटीनें आलेल्या मालाचें नुकसान बाहेरून दिसत असेल, तर त्याच वेळीं लेखी कळवावें. आंत दडलेलें असेल, तर तीन दिवसांत कळवावें, असा हेग येथील नियमांचा दंडक आहे.

विमा उतरला असला म्हणजे हें सारें सोडून द्यावें, असेंहि नाहीं. विमा कंपनी आपल्याला पैसे देते, तेव्हां वाहतूकदाराकडून वसूल करण्याचा आपला हक्क तिच्याकडे जातो. आपण बेसावधपणें "माल उत्तम मिळाला" असें लिहून दिलें, किंवा नोटिशीची मुदत घालविली, तर आपण तिचाच हक्क बुडविला असें होतें, आणि ती आपल्या दाव्यावर बोट ठेवूं शकते. मालवाहतुकीच्या नेहमींच्या विमापत्रांत अपुऱ्या वेष्टणामुळें झालेलें नुकसान वगळलेलें असतें. म्हणजे पेटी नीट भरण्याची गरज विम्यानें टळत नाहीं; उलट ती अधिकच पक्की होते. म्हणून पेटी भरतांना प्रत्येक थराचें छायाचित्र घ्यावें, आणि यंत्राचा अनुक्रमांक व तें चालू असल्याचा पुरावा जपून ठेवावा.

शेवटीं, माल दारांत आल्यावरचीं पांच मिनिटें. सर्व मुदतींहून तीं मोलाचीं आहेत. प्रथम नगांची संख्या मोजा. मग पेटीच्या सहाहि बाजू पाहा. चेपलेला कोपरा, ओलीचा डाग, दुसऱ्यांदा लावलेली पट्टी, लाल झालेली चिठ्ठी, यांपैकीं जें दिसेल त्याचें पेटी उघडण्यापूर्वींच छायाचित्र घ्या, आणि सही करतांना तेंच स्पष्ट शब्दांत पावतीवर लिहा. "कोपरा दबलेला, आंतील मालाची तपासणी व्हावयाची आहे," एवढें वाक्य पुरे. माल आणणारा मनुष्य घाई करील. त्यालाहि पुढें दहा घरें गांठावयाचीं असतात. त्याच्याशीं भांडूं नये. पण सहीहि कोरी देऊं नये. पेटी उघडतांना चित्रण करावें. नुकसान दिसलें, तर पेटी, अस्तर, दोऱ्या व पट्ट्या कांहींहि टाकूं नये. कारण विमा कंपनीचा सर्वेक्षक येतो, तो मोडलेल्या यंत्राइतकेंच वेष्टणहि पाहतो. त्याच्या पाहणीपूर्वीं दुरुस्ती करूं नये. पण पाणी आंत शिरत असेल, तर तें थांबविणें, ओलें यंत्र पुसून ठेवणें, अशी नुकसान वाढूं न देण्याची खटपट अवश्य करावी. विम्याचा कायदाच तशी अपेक्षा धरतो. त्याच दिवशीं वाहतूकदार व विमा कंपनी या दोघांनाहि लेखी कळवावें. दूरध्वनीवर दिलेलें आश्वासन कितीहि गोड असलें, तरी तें नोटिशीच्या जागीं चालत नाहीं. मागणी करतांना खरेदीचें बिल, बिल्टी, शेरा मारलेली पावती, छायाचित्रें आणि दुरुस्तीचा लेखी अंदाज जोडावा. रक्कम वाजवी मागावी. फुगविलेला आंकडा पाहून खऱ्या नुकसानीविषयींहि संशय उत्पन्न होतो.

माल नेणारे सारेच बेफिकीर असतात, असें कोणीं समजूं नये. आपली पेटी एका दिवसांत जितक्या हातांतून जाते, त्यांतील एकालाहि ती आंत काय आहे, कोणाची आहे, कोणत्या आजाऱ्याची त्यावर भिस्त आहे, किंवा कोणत्या गायकाच्या मैफलीसाठीं ती निघाली आहे, हें ठाऊक नसतें. तें सांगण्याचीं साधनें आपल्यापाशीं तीनच आहेत : पेटीची भरण, पत्रकांत लिहिलेली किंमत, आणि पावतीवरील शेरा. हीं तीन साधनें ज्यानें नीट वापरलीं, त्याची वस्तु बहुधा मोडत नाहीं. आणि मोडलीच, तर त्याला आपलें म्हणणें पटवून देण्यासाठीं आवाज चढवावा लागत नाहीं. त्याचे कागदच त्याच्या वतीनें बोलतात.